आधी मनगट, मग मॉनिटर

पत्र

नमस्कार ताई,

मी चार वर्षं वेब डेव्हलपर म्हणून काम करतेय. बहुतेक वेळ रिअ‍ॅक्ट आणि टाइपस्क्रिप्ट, अधूनमधून नोडमध्ये बॅक-एंड. नव्या नोकरीत काम पूर्ण घरूनच आहे आणि टेबल-खुर्ची, मॉनिटर, लॅपटॉप असं सगळं मिळून कंपनी एकदाच एक ठरावीक रक्कम देणार आहे. सध्या मी लोकांच्या सेटअपचे फोटो आणि व्हिडिओ बघत सुटलेय आणि जितकं बघते तितकी जास्त गोंधळतेय. मॅक घेऊ, विंडोजवरच राहू, की लिनक्स टाकू? एक मोठा रुंद मॉनिटर की दोन साधे? मेकॅनिकल कीबोर्ड खरंच लागतो का? उभं राहून काम करायचं टेबल? टीममधले एक सीनिअर म्हणतात की कोड लिहायला खरे डेव्हलपर विम हा एडिटर वापरतात, व्हीएस कोड नवशिक्यांसाठी असतो. तेव्हापासून तेही मनात घोळतंय. माझा आत्ताचा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, विंडोजवर. डॉकर (अ‍ॅप वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) चालू केलं की पार आचके देतो. नेमकं काय घेऊ, सांगाल का?

ता. क. मान सतत आखडलेली असते आणि रात्री कधीकधी उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. पण दिवसभर लॅपटॉपवर असल्यावर एवढं चालायचंच.

— गोंधळलेली फ्रंट-एंडवाली

उत्तर

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ता. क. मध्ये टाकलीस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. एवढं चालायचं नाही.

रात्री मुंग्या येऊन जाग येणं, आणि त्या अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट एवढ्यात असणं, हे मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब पडत असल्याचं ओळखीचं लक्षण आहे. कार्पल टनल सिंड्रोम म्हणतात तो हाच. मुंग्या करंगळीच्या बाजूला असतील तर दाब दुसऱ्या नसेवर, बहुधा कोपराजवळ असतो. मानेत नस दबली तरी हाताला मुंग्या येतात, आणि तुझी मानही आखडतेय. तुझ्या बाबतीत यातलं काय खरं, ते डॉक्टरांनी हात आणि मान तपासूनच ठरवायला हवं. जाण्याआधी एक कर: नेमक्या कोणत्या बोटांना मुंग्या येतात ते लक्ष देऊन बघ आणि लिहून ठेव. तपासणाऱ्याला त्यावरून बरंच कळतं. दुखणं लवकर दाखवलं तर रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट आणि बसण्या-टायपिंगच्या सवयीतला बदल, एवढ्यावरही अनेकांना आराम पडतो. फार काळ दाब राहिला की अंगठ्याच्या बुडाचा स्नायू कमजोर होऊ लागतो, मग उपचार लांबतात. हात हे तुझं पहिलं हार्डवेअर आहे आणि ते बदलून मिळत नाही. दुखणं अंगावर काढू नकोस.

आता हे झालं कशामुळे असेल, ते बघू. लॅपटॉपची रचनाच अशी आहे की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांच्या उंचीला आणला तर हात खांद्यापर्यंत वर जातात, आणि कीबोर्ड कोपराच्या उंचीला आणला तर मान खाली जाते. तासाभरासाठी ठीक आहे, पण रोज आठ-नऊ तास नाही. त्यामुळे कंपनीचे पैसे हातात येण्याआधीच तुला करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे लॅपटॉप स्टँडवर, नाहीतर जाडजूड पुस्तकांच्या थप्पीवर चढवायचा आणि खाली साधा वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडायचा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, पडदा हातभर अंतरावर. तू लिहिलेल्या सगळ्या यादीपेक्षा हा एक बदल मोठा आहे.

मग खुर्ची. उंची ठरवताना बहुतेक जण टेबलाकडे बघून ठरवतात, तिथेच गडबड होते. कोपरांपासून सुरुवात कर. खांदे सैल सोडून बस, कोपर साधारण काटकोनात किंवा त्याहून किंचित उघडे असू देत, आणि कीबोर्ड त्या उंचीला यायला हवा. तयार टेबलं बऱ्याचदा यापेक्षा उंच असतात. टेबल खाली जात नसेल तर खुर्ची वर घे आणि मग अधांतरी राहिलेल्या पायांखाली पाट किंवा फूटरेस्ट ठेव. खुर्चीला उंची बदलायची सोय हवी, कमरेच्या खोलगट भागाला टेकण हवं, आणि बैठकीची खोली इतकीच हवी की पाठ टेकून बसल्यावर गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मोकळी राहतील. हातांचे टेके खाली-वर होत असतील तर उत्तम. नसतील आणि टेबलाला अडत असतील तर काढून टाकलेले बरे. खुर्ची फोटो बघून मागवू नकोस. जी घ्यायची आहे तिच्यावर वीसेक मिनिटं बसून बघ, कारण पहिल्या दोन मिनिटांत सगळ्याच खुर्च्या छान वाटतात.

उभं राहायच्या टेबलाबद्दल माझं मत सरळ आहे. वर-खाली होणारं टेबल परवडत असेल तर घे, पण दिवसभर उभं राहायचं म्हणून नाही. तासन्‌तास उभं राहिलं की पाय आणि कंबर बोलायला लागतात. त्या टेबलाचा खरा फायदा दोन: बसणं आणि उभं राहणं यांत अदलाबदल करता येते, आणि टेबल नेमकं तुझ्या कोपरांच्या उंचीला आणता येतं. पैसे खुर्ची किंवा टेबल यातल्या एकालाच पुरणार असतील तर खुर्ची.

कीबोर्डचं विचारलंस. मेकॅनिकल कीबोर्ड हौसेची आणि आनंदाची गोष्ट आहे. मला स्वतःला त्याचा स्पर्श आवडतो. लाल स्विच सरळ खाली जातात, तपकिरी स्विचला मध्ये हलकासा अटकाव जाणवतो, निळे स्विच टकटक वाजतात. घरून मीटिंगा करायच्या असतील तर निळे नकोत, समोरच्याच्या कानात ते खडखडतात. पण मेकॅनिकल घेतल्यानं मनगट बरं होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. उलट त्याची उंची जास्त असते, त्यामुळे मनगट वर वाकतं. कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन पाय असतात, ते उघडून तो पुढे झुकवायची सवय अनेकांना असते. ते पाय मिटून टाक. झुकलेल्या कीबोर्डवर मनगट मागे मोडतं आणि नेमका तिथेच दाब वाढतो.

दुसरी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. आकड्यांच्या वेगळ्या पट्ट्याचा पूर्ण लांबीचा कीबोर्ड असला की माउस बराच उजवीकडे ढकलला जातो. उजवा खांदा दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. कोड लिहिताना त्या आकड्यांचा उपयोग जवळपास नसतो. तो पट्टा नसलेला आखूड कीबोर्ड घेतलास तर माउस हाताशी येतो. तुझा त्रास उजव्या हातालाच आहे, म्हणून हे जास्त जोर देऊन सांगतेय. काही दिवस माउस डाव्या हातानं वापरून बघ. सुरुवातीला चिडचिड होईल, पण उजव्या हाताला विश्रांती मिळेल. दोन भागांत विभागलेले कीबोर्डही मिळतात आणि खांदे उघडे ठेवायला ते खरोखर चांगले असतात, पण त्यावर हात बसायला वेळ लागतो. नव्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तो प्रयोग नको.

आता मॉनिटर. इथे इंचांपेक्षा घनता बघायची. २४ इंची १०८० पिक्सेलचा मॉनिटर म्हणजे एका इंचात साधारण ९२ ठिपके. २७ इंची १४४० चा म्हणजे १०९. २७ इंची ४के म्हणजे १६३. तोच १०८० पिक्सेलचा पडदा २७ इंची घेतलास तर ठिपके ८२ वर येतात आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. दिवसभर अक्षरंच वाचायची असलेल्या माणसानं तो घेऊ नये. माझी पसंती २७ इंची ४के, दीडपट मोठं करून. तेवढं केलं की जागा १४४० च्या मॉनिटरइतकीच मिळते, पण अक्षरं छापल्यासारखी स्वच्छ दिसतात. यूएसबी-सीच्या एकाच केबलीनं चित्रही जाईल आणि लॅपटॉप चार्जही होईल, असा असेल तर टेबलावरचं जंजाळ कमी होतं. बाकी रिफ्रेश रेटच्या (पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं त्याच्या), वेगाच्या, रंगांच्या जाहिरातींकडे फार लक्ष देऊ नकोस. ६० हर्ट्झवर कोड अगदी नीट दिसतो.

एक रुंद की दोन साधे? दोन घेतलेस तर ते सारखे मध्यभागी जोडून ठेवू नकोस. नाकासमोर जोडाची फट येते आणि मान दिवसभर एका बाजूला वळलेली राहते. मुख्य मॉनिटर नाकासमोर, दुसरा बाजूला तिरका. आखडलेल्या मानेसाठी मी एकच चांगला मॉनिटर समोर आणि शेजारी स्टँडवरचा लॅपटॉप, ही मांडणी सुचवीन. लॅपटॉपवर चॅट, टर्मिनलचे लॉग असलं काहीतरी, जिकडे मधूनच बघायचं ते. रुंद मॉनिटर छान असतात, पण त्यावर काम करणाऱ्या फ्रंट-एंडवाल्यांना एक सवय जडते: ब्राउझरची खिडकी कायम ऐसपैस. मग ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर मेनू कसा कोंबला जातो, हे टेस्टरकडून कळतं.

यावरून आठवलं, तुझा जुना मॉनिटर असेल तर टाकून देऊ नकोस. बारीक, फिकट राखाडी अक्षरं ४के पडद्यावर नाजूक आणि देखणी दिसतात. साध्या पडद्यावर तीच वाचताना डोळे बारीक करावे लागतात. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या मानकात साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ इतका कॉन्ट्रास्ट मागितलाय. ब्राउझरचा डेव्हटूल्स (पान आतून तपासायची सोय) तो आकडा दाखवतो, पण जुना पडदा तो डोळ्यांना दाखवतो. तसंच एक साधा, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन टेबलावर कायम केबलीनं जोडलेला असू दे. क्रोममधून त्या फोनवरचं पान तपासता येतं, आणि तुझ्या लॅपटॉपवर क्षणात उघडणारं पान तिथे किती धापा टाकतं ते लगेच कळतं. डेव्हटूल्समध्ये प्रोसेसर चारपट-सहापट हळू करायची आणि नेटवर्क मंदावायची सोय आहे, तीही वापर. पण खरा फोन तो खराच. गुगलच्या कोअर वेब व्हायटल्स या पानाच्या चपळतेच्या निकषांनुसार मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा आणि बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यायला हवा. हे वापरणाऱ्यांच्या खऱ्या उपकरणांवर मोजलं जातं, आपल्या मशीनवर नाही. फ्रंट-एंडवाल्याच्या सेटअपमध्ये जाणूनबुजून एक हळू वस्तू असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

लॅपटॉपकडे येऊ. तुझा लॅपटॉप का आचके देतो, ते नवीन घेण्याआधी समजून घे, नाहीतर चुकीच्या गोष्टीवर पैसे जातील. विंडोजवर डॉकर डेस्कटॉप सहसा डब्ल्यूएसएल २ च्या आधारानं चालतो, म्हणजे आत एक छोटं लिनक्स व्हर्च्युअल मशीन चालू होतं. वेगळं काही सांगितलं नाही तर ते एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. तुझ्या ८ जीबीतले ४ तिथे गेले. उरलेल्या ४ मध्ये विंडोज, क्रोमचे डझनावारी टॅब, व्हीएस कोड, त्याच्यामागे चालणारा टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर, डेव्ह सर्व्हर आणि चॅटचं अ‍ॅप. मावत नाही, मग विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर टाकत आणि परत उचलत बसतं. आचके येतात ते तेव्हा. टास्क मॅनेजर उघड, मेमरीनुसार क्रम लाव आणि डॉकर चालू कर. व्हीएममेम नावाची एक ओळ, म्हणजे तेच लिनक्स मशीन, वर वर चढताना दिसेल. तुझ्या लॅपटॉपमध्ये रॅमची जागा मोकळी असेल तर आणखी ८ जीबी टाकून हा प्रश्न बराचसा मिटेल आणि वाचलेले पैसे खुर्चीकडे जातील. मात्र बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जडवलेली असते, ती नंतर वाढत नाही. म्हणून नवा घेणार असशील तर रॅमचा निर्णय घेतानाच पक्का कर. १६ जीबी ही आता किमान पायरी, आणि डॉकर रोज लागत असेल तर ३२. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, रॅम नाही. एसएसडी ५१२ जीबीच्या खाली घेऊ नकोस. प्रत्येक प्रोजेक्टचं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर आणि डॉकरच्या इमेजेस मिळून जागा भराभर खातात.

विंडोजवरच राहिलीस आणि डब्ल्यूएसएल वापरलंस तर प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून चालवू नकोस. दोन फाइल सिस्टिमांमधून ये-जा करताना हजारो छोट्या फाइलींचं काम रेंगाळतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या घरातच ठेव. फक्त फोल्डर हलवल्यानं इन्स्टॉल आणि बिल्ड लक्षात येण्याइतके झपाझप होतात, आणि अनेकांना हे माहीत नसल्यानं ते नवा लॅपटॉप घेऊन मोकळे होतात.

हे काही सेकंद वाचवण्यावर मी एवढा भर का देतेय? १९८२ मध्ये आयबीएमच्या डोहर्टी आणि थडानी यांनी मांडलं होतं की संगणकाचा प्रतिसाद सेकंदाच्या आत आला की माणसाचं काम त्या वाचलेल्या वेळेपेक्षाही जास्त वाढतं, कारण माणसाचा स्वतःचा विचार करायचा वेळही कमी होतो. सलग धागा हातात राहतो. फाइल सेव्ह केल्यावर बदल लगेच दिसला तर तू पुढचा बदल करतेस, आणि दहा सेकंद लागले तर फोन उचलतेस. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी एक आठवडा कागद शेजारी ठेव आणि कुठे थांबावं लागलं, कुठे दुखलं, एवढंच टिपत जा. इन्स्टॉल, बिल्ड, टेस्ट, टॅब शोधणं, मान, मनगट, जे असेल ते. त्या कागदावरून निघणारी यादी आणि व्हिडिओंवरून निघणारी यादी यांत फार फरक पडेल.

मॅक, विंडोज की लिनक्स, याचं उत्तर एका प्रश्नावर ठरतं: आयफोनवर बिघडलेलं पान तुला दुरुस्त करावं लागतं का? आयफोनवर क्रोम असो की फायरफॉक्स, आतलं इंजिन सफारीचंच, म्हणजे वेबकिट असतं. युरोपीय संघासारख्या काही ठिकाणी २०२४ पासून नियम सैल झालेत, बाकी बहुतेक ठिकाणी परिस्थिती तीच आहे. आयफोनवरच्या सफारीतलं पान अ‍ॅपलच्या वेब इन्स्पेक्टरनं तपासायचं तर मॅक लागतो. तुझ्या कामात हे वरचेवर येत असेल तर मॅक घे, बिनदिक्कत. क्वचित येत असेल तर प्लेराइट या टेस्टिंगच्या साधनाबरोबर येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवरही चालतं. ते हुबेहूब आयफोन नव्हे, तरी बऱ्याच चुका पकडतं. नव्या टीममध्ये बहुसंख्य लोक काय वापरतात तेही विचार. पहिल्याच आठवड्यात सेटअप अडला तर शेजारचा माणूस तीच सिस्टिम वापरणारा असणं फार मोलाचं असतं.

लिनक्सची एक बाजू मात्र तिन्हींपैकी काहीही घेतलंस तरी तुला माहीत हवी. सर्व्हर बहुधा लिनक्सवर असतो, आणि लिनक्स फाइलींच्या नावात इंग्रजी लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी मानतो. विंडोज आणि मॅक मुळात मानत नाहीत. समज, एका कंपोनंटच्या फाइलीचं नाव छोट्या एचनं सुरू होणारं होतं, तू ते कॅपिटल एच केलंस आणि इम्पोर्टही बदललेस. तुझ्या मशीनवर सगळं चालतं. पण अशा मशीनवर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फक्त लहान-कॅपिटलचा बदल लक्षातच घेत नाही, त्यामुळे रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, जुनंच नाव राहतं आणि सर्व्हरवर बिल्ड 'मॉड्यूल सापडत नाही' म्हणून कोसळतं. तू कोड बघत बसतेस, कोडमध्ये काहीच चुकलेलं नसतं. अशी नावं गिटच्या स्वतःच्या एमव्ही कमांडनं बदलायची. ओळींच्या शेवटाचंही तसंच. ओळ संपल्याची न दिसणारी खूण करायची विंडोजची पद्धत वेगळी, म्हणून प्रोजेक्टमध्ये गिट अ‍ॅट्रिब्यूट्सची फाइल ठेवून एकदाच ठरवून टाकायचं, म्हणजे एक अक्षर न बदलता अख्खी फाइल बदललेली दिसत नाही.

आता तुझे सीनिअर आणि त्यांचं विम. विम सुंदर आहे, मनापासून सांगते. १९७६ च्या आसपास बिल जॉयनं लिहिलेल्या व्हीआयची ती परंपरा, आणि ब्रॅम मोलेनारनं १९९१ पासून ती तीन दशकं जपली. पण 'खरे डेव्हलपर' ही वर्गवारी मनातून काढून टाक. ज्या गोष्टीमुळे एडिटर हुशार वाटतो, म्हणजे नाव पूर्ण करणं, व्याख्येपर्यंत उडी मारणं, चूक अधोरेखित करणं, ती २०१६ पासून लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे एडिटरच्या बाहेर आलीय. निओविम (विमचं नवं रूप) आणि व्हीएस कोड दोन्ही टाइपस्क्रिप्टच्या त्याच हुशारीवर चालू शकतात. उरतो तो हातांच्या हालचालींचा भाग, आणि तो तू व्हीएस कोडमध्येच विमचं एक्स्टेंशन टाकून शिकू शकतेस. माउसकडे जाणारा हात कमी होईल, म्हणजे तुझ्या मनगटासाठीही बरंच. शिक, पण आवडलं म्हणून शिक.

व्हीएस कोडच्या बाबतीत मी सांगेन ते वेगळंच: एक्स्टेंशन्स कमी कर. टाइपस्क्रिप्टचा आधार त्यात मुळातच आहे. कोडची मांडणी नीट करणारं प्रेटिअर सेव्हवर चालू, चुका दाखवणारं ईएसलिंट, गिटचं एखादं, आणि प्रोजेक्टला लागेल ते. एडिटर विचित्र वागायला लागला तर कमांड पॅलेटमध्ये 'स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट' आहे. तो निम्मी एक्स्टेंशन्स बंद करून तुला विचारतो, त्रास अजून आहे का, मग उरलेल्यांतली निम्मी, असं करत चार-पाच प्रश्नांत दोषी नेमकं पकडून देतो. एक्स्टेंशन तुझ्याच परवानग्यांनी चालतं, तुझ्या फाइली वाचू शकतं, हेही विसरू नकोस. अनोळखी माणसाचं, केवळ थीम छान दिसते म्हणून, टाकू नकोस. आणि डीबगर वापरायला शिक. कोड मध्येच थांबवणारा ब्रेकपॉइंट लावून चलांच्या (व्हेरिएबल्सच्या) किमती बघता आल्या की कन्सोलवर छापाछापी करण्यात जाणारे तास वाचतात. फॉन्ट कोणताही घे, फक्त शून्य आणि ओ, तसंच एक, छोटा एल आणि कॅपिटल आय त्यात स्पष्ट वेगळे दिसायला हवेत. जेटब्रेन्स मोनो त्यासाठी चांगला आहे. आकार एक-दोन पॉइंट वाढव, पुढे झुकून वाचणं थांबेल.

डार्क थीमवरून लोक भांडतात. खोली उजेडात असेल तर पांढरी थीम, काळोखात असेल तर काळी, एवढंच. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. दर वीस मिनिटांनी वीसेक फूट लांब वीस सेकंद बघायचा नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. घरून मीटिंगा असल्यामुळे माइक असलेला बऱ्यापैकी हेडफोन घे, कॅमेऱ्यापेक्षा आवाजाचा उपयोग जास्त होतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण घरून काम करताना ती तुझ्याच अंगावर असेल. लॅपटॉप उद्या बंद पडला तर दुसऱ्या मशीनवर अर्ध्या दिवसात कामाला लागता यायला हवं. शेलच्या, एडिटरच्या, गिटच्या सेटिंग्जच्या फाइली एका खासगी रिपॉझिटरीत ठेव. नोडची कोणती आवृत्ती लागते ते प्रोजेक्टमध्येच लिहिलेलं असू दे. कोड रोज संध्याकाळी पुश कर, अर्धवट असला तरी वेगळ्या ब्रँचवर. आणि एन्व्हायर्नमेंटची फाइल, म्हणजे गुप्त किल्ल्या असलेली, गिटमध्ये जात नाही आणि जाऊही नये. म्हणूनच डिस्क गेली की तीही जाते. त्या किल्ल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेव, आणि डिस्कवर एन्क्रिप्शन चालू आहे का ते आजच तपास.

तर पैशांचा क्रम माझ्या मते असा: स्टँड, आखूड कीबोर्ड आणि माउस लगेच, ते स्वस्तात होतं. मग खुर्ची. मग रॅम, आहे त्याच लॅपटॉपमध्ये वाढत असेल तर, नाहीतर ३२ जीबीचा नवा. मग एक ४के मॉनिटर. उरलं तर वर-खाली होणारं टेबल, आणि त्यानंतरही उरलं तर हवा तो मेकॅनिकल कीबोर्ड, तपकिरी स्विचचा. पण कंपनीचे पैसे यायची वाट न बघता डॉक्टरांची वेळ या आठवड्यातली घे, आणि ते काय म्हणाले ते मला कळव. स्प्लिंट घालायला सांगितला किंवा काही दिवस टायपिंग कमी करायला सांगितलं, तर व्हॉइस टायपिंग आणि कीबोर्डच्या मांडणीबद्दल आपण पुन्हा सविस्तर बोलू.

— तुझी ताई